जावयानं बसवलेलं दिव्याचं बटण

माझ्या सासऱ्यांच्या जुन्या मोटारीचे दिवे मी दुरुस्त केले आणि ते इतके चांगले लागले, की दिवसभर विझलेच नाहीत.

मी जळगावला वीज खात्यात नोकरीला होतो. बिलं लिहायला! माझा नि विजेचा संबंध आकड्यांपुरता. घरचा फ्यूज उडाला तर मी शेजाऱ्याला हाक मारायचो. पण लग्न जुळवताना मध्यस्थाने धुळ्याला सांगितलं, "मुलगा विजेत आहे," आणि देवपुरातल्या माझ्या सासुरवाडीने मला परस्पर इंजिनियर करून टाकलं. मीही कधी खुलासा केला नाही. (आयता मान कोण नाकारतो हो?)

सासऱ्यांकडे, म्हणजे नानांकडे, त्रेपन्न सालची विलायती मोटार होती. चोपड्याच्या एका केळीच्या बागायतदाराकडून हौसेनं घेतलेली. नाना तिला रोज सकाळी स्वतः पुसायचे. "इतक्या वेळा पोरांची नाकं नाही पुसली यांनी," असं सासूबाई, म्हणजे अक्का, म्हणायच्या. शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमारास तिच्या दिव्यांचं बटण मोडलं आणि अक्कांचा संयम सुटला. धाकटी मेहुणी मंगल नुकतीच एरंडोलला दिलेली, तिची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. आखाजीला लेक माहेरी आणली नाही, तर आख्खा खानदेश तोंडात शेण घालतो!

"मंगलले ह्याच गाडीमा आना," अक्कांनी निकाल दिला. "गाडी वाटमा बंद पडनी, तं दुसरा दिन भंगारवालाले बलावसू!"

नानांचा चेहरा पडला. येताना दिवेलागण होणार, म्हणजे दिवे हवेतच. अस्सल बटण तर कुठेच मिळेना. शेवटी त्यांनी मुंबईहून जुन्यासारखे हुबेहूब नवीन घडवलेले भाग पार्सलने मागवले: एक पितळी पट्टी, स्प्रिंग, दोन बारीक छर्रे, चकत्या आणि ओढायची मूठ. मूठ ओढली की दिवे लागणार, आत ढकलली की विझणार. आखाजीला आम्ही धुळ्याला पोचलो, तर नाना ते पुडकं घेऊन दारातच उभे.

"जावईबापू, तुमच्याच हाताची वाट बघत होतो!"

"मी सांगून टाकू का, की तुम्ही नुसती बिलं लिहिता?" बायको कानाशी कुजबुजली.

"गप्प बस," मी म्हणालो आणि पेचकस मागितला.

पहिला छर्रा टुणकन उडाला आणि थेट कुरडयांच्या चिकात पडला. चार बायकांनी पातेलंभर चीक गाळून तो शोधून दिला. एकीनेही हूं की चूं केलं नाही. आमच्या सासुरवाडीत जावई चुकतो हे म्हणायची पद्धतच नाही! जावयाने ताटात मीठ समजून साखर घेतली, तर ही माणसं आपल्याही ताटात साखर वाढून घेतील. शेवटी एक चकती उरली. "ही जादा पाठवलीय त्यांनी," मी ठणकावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

भर दुपारी बाराच्या उन्हात चाचणी झाली. मी मूठ ओढली. "सुभाष, लागले का दिवे?"

मेहुणा सुभाष गाडीपुढे उभा होता. तो जरा घुटमळला, मग म्हणाला, "लागले, दाजी!"

मी मूठ आत ढकलली. "विझले?"

"...विझले, दाजी."

झालं! मी शर्टाची कॉलर ताठ केली, मूठ नीट आत दाबली, आणि नाना, सुभाष आणि मी एरंडोलच्या वाटेला लागलो.

रस्त्यात काय सांगू, आमचं स्वागतच स्वागत! समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला आमच्याकडे बघून पंजा उघडझाप करत होता. "नाना, केवढी ओळख हो तुमची!" मी म्हणालो. नाना बिचारे प्रत्येकाला हात हलवून उत्तर देत होते. पारोळ्याला मी उसाचा रस पीत होतो, तेव्हा एक म्हातारबा गाडीपाशी आला आणि नानांना म्हणाला, "भर दुपारले दिवा लाईसन कोठे चालनात, भाऊ?"

नाना हळूच म्हणाले, "जवाई शेत संगे." जावई सोबत आहेत, एवढाच खुलासा.

"मंग बरोबर शे," म्हणून तो निघून गेला. (हे मला सुभाषने पुढे चार वर्षांनी सांगितलं.)

एरंडोलला मंगलच्या घरी जेवणं झाली, पानं झाली, मंगलची ओटी भरली. आम्ही गाडीत बसलो. नानांनी स्टार्टर ओढला. गाडी एकदा कण्हली आणि गप्प झाली. बॅटरी पार बसली होती! नानांना भंगारवाल्याचा तराजूच दिसत असणार. मी घाईने म्हणालो, "हँडल मारून पाहा, नाना." सुभाषने हँडल मारलं. व्याह्यांनी मारलं. व्याह्यांच्या शेजाऱ्यांनी मारलं. काही उपयोग झाला नाही.

"धक्का द्यावा लागेल," मी म्हणालो आणि उतरायला लागलो.

"काहीतरीच काय!" व्याही कळवळले. "जावयानं गाडी ढकलायची? बसा तुम्ही!" आणि आठ माणसं घामाघूम होऊन ढकलू लागली, मी आत राजासारखा बसलेला! गाडी पेठेभर फिरली, पण चालू होईना.

मंगल मागच्या सीटवर बसली होती. आता मेहुणी ही एकच व्यक्ती अशी, की जिला दाजींना काहीही बोलायची मुभा असते. ती समोरच्या दुकानाच्या काचेत बघून खो-खो हसायला लागली.

"दाजी, ऐन उन्हात दिवे लावून कुणाला शोधताय हो?"

"दिवे बंद आहेत! मूठ आत आहे बघ!"

तिने पुढे वाकून मूठ बाहेर ओढली. काचेतला मिणमिणता पिवळा उजेड गेला. पुढच्याच धक्क्याला गाडी धडधडली! पट्टी मी उलटी बसवली होती. ओढली की बंद, ढकलली की चालू. एरंडोल ते धुळे मंगल काही हसायची थांबली नाही.

देवपुरात शिरताना नानांनी मूठ आत ढकलली. अंगण लख्ख उजळलं. मंगलने गाडीतून उतरायच्या आधीच आईला सगळं सांगून टाकलं. नाना मान खाली घालून उभे. मीही.

अक्कांनी गाडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ.

"गाडी ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "खोट गाडीमा नही."

खोट कशात होती ते अंगणातल्या प्रत्येकाला कळलं होतं. पण जावई काही भंगारात देता येत नाही, म्हणून अक्कांनी मला पाटावर बसवलं आणि आमरसाची वाटी काठोकाठ भरली.