नियम क्रमांक दोन : स्पर्धक हौशी असावा

मंडळात काम केलेल्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. स्वयंपाकघराच्या दाराआड प्लॅस्टिकच्या पिशव्या साठतात ना, तसे. एक ओढायला जावं तर दहा बाहेर येतात! माझ्याकडचे बहुतेक किस्से एकाच कागदातून आलेत. बंगळूरच्या आमच्या कॉलनीतल्या मराठी मंडळाच्या हौशी गायन स्पर्धेचे नियम त्या कागदावर होते.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आम्ही मिरजेहून बंगळूरला येऊन तीन वर्षं झाली होती. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनियर, मी तिथेच ड्रॉइंग ऑफिसात. माझं अक्षर चांगलं म्हणून मला स्पर्धेच्या कमिटीत घेतलं. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण ते कुणी विचारलंच नाही.

अध्यक्ष होते जोगळेकर. संशोधन संस्थेतून रिटायर झालेले शास्त्रज्ञ. बोलणं मोजकं, चहातली साखरसुद्धा मोजून. स्पर्धेत स्टॉपवॉच आणि घंटा त्यांच्याच हातात असे, आणि पाच मिनिटं झाली की घंटा वाजणार म्हणजे वाजणार. एका वर्षी खुद्द जोगळेकरकाकू समेवर यायच्या आत त्यांनी घंटा वाजवली. त्या आठवड्यात ते आमच्या मागच्या क्वार्टरमध्ये तीनदा जेवायला गेले म्हणे!

त्यांनी मला नियमांचा जुना कागद दिला. "पुसट झालाय. नीट लिहून झेरॉक्स काढा, वसुधाबाई."

कागदावर एकवीस नियम. पहिले तीन सरळ होते, पुढचे मात्र एकेक नमुने. मला चौकशा करायची खोड लहानपणापासूनची. मी विचारलं, "काका, हे नियम सुचले कसे?"

"सुचले नाहीत, घडले," जोगळेकर म्हणाले. "पहिल्या वर्षी तीनच होते. मग माणसं यायला लागली."

*

त्याच आठवड्यात एक फॉर्म आला. दुसऱ्या नियमाप्रमाणे स्पर्धक हौशी असावा लागे, म्हणून फॉर्मवर प्रश्न होता, "गाण्याबद्दल कधी मोबदला घेतला आहे का?" सगळे डोळे झाकून 'नाही' लिहीत. या फॉर्मवर लिहिलं होतं, "होय. नारळ आणि खण."

फॉर्म तुळसक्कांचा होता. साठीच्या बाई, देवनहळ्ळीच्या जुन्या मराठी घरातल्या. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेले, आम्ही तीन वर्षांपूर्वी. तरी मराठी मंडळ आमचं आणि त्या पाहुण्या! नात्यागोत्यात कुणाचं लग्न असो, बारसं असो, गाणी म्हणायला तुळसक्काच. फॉर्म द्यायला त्या दोन बस बदलून स्वतः आल्या होत्या.

"एवढ्या लांबून स्पर्धेला कशाला येता, अक्का?" मी विचारलं. "तुम्ही तर लग्नात गाताच की."

"लग्नात कोण ऐकतंय, पोरी? एकाचं लक्ष सामानावर, एकाचं भटजीवर, बाकीच्यांचं जेवणावर. चाळीस वर्षं गायले. एकदा तरी सगळे गप्प बसून ऐकतात काय बघायचं आहे. स्वल्प तेवढं जमवून दे."

मी फॉर्म घेऊन तडक जोगळेकरांकडे गेले. त्यांनी तो दोनदा वाचला. "मोबदला घेतलाय. नियमात बसत नाही."

"नारळ, काका! नारळ म्हणजे काय मोबदला झाला?"

"रविवारी मीटिंगमध्ये ठरवू. आधी नियम कधी आणि का बदलले ते बघून ठेवा. फाइल आहे."

मग तीन दिवस रोज ऑफिस सुटल्यावर मी ती फाइल घेऊन जोगळेकरांच्या व्हरांड्यात बसले. मला तुळसक्कांसाठी फट शोधायची होती, आणि खरं सांगायचं तर उत्सुकताही मला गप्प बसू देत नव्हती.

*

नियम चार : वेळ पाच मिनिटे. त्यात स्पर्धकाचे बोलणे धरले जाईल.

यातलं दुसरं वाक्य देशपांडे नावाच्या गृहस्थांमुळे आलं. ते स्टेजवर आले की आधी गुरूंविषयी बोलत, मग रागाविषयी, मग स्वतःच्या घशाविषयी. एका वर्षी चार मिनिटं बोलले, मग पाच मिनिटं गायले आणि तरी नियमात बसले! म्हणून दुसऱ्या वर्षी बोलणंही वेळेत धरायचं ठरलं. देशपांडे आले आणि एक शब्द न बोलता थेट गायला लागले. त्यांना बोलायचं काही उरलंच नव्हतं.

कारण त्यांच्या आधी मिसेस देशपांडे माईकवर येऊन सगळं सांगून गेल्या होत्या! म्हणून त्या नियमाखाली बारीक अक्षरात लिहिलंय, "कुटुंबीयांचे बोलणेही."

*

नियम सात : पेटीवर साथ करणारी व्यक्ती स्पर्धकाचा पती अथवा पत्नी नसावी.

एक बाई गायला बसल्या, पेटीवर त्यांचे मिस्टर. त्यांनी सूर धरला तो चांगला दोन सूर वर. बाईंनी डोळे मोठे केले. मिस्टरांनी डोळे मिटले. बाईंनी खाकरून पाहिलं, तरी मिस्टर तंद्रीतच. शेवटी बाई माईकमध्येच म्हणाल्या, "बावीस वर्षं झाली लग्नाला, अजून माझी पट्टी काळी चार, हे यांना ठाऊक नाही!"

त्या दिवशी सर्वांत जास्त टाळ्या याच वाक्याला पडल्या, आणि त्यातल्या बहुतेक बायकांच्या होत्या.

*

नियम नऊ : परीक्षकांनी गाऊ नये.

"परीक्षकांनी?" मी पुन्हा वाचलं.

जोगळेकर म्हणाले, त्या वर्षी दोन परीक्षक होते. एक रिटायर्ड संगीतशिक्षक, दुसऱ्या एक कडक बाई. बाई मान वर न करता नुसत्या गुण लिहीत. स्पर्धा संपली आणि गुरुजींना दोन शब्द बोलायला सांगितलं. "आता हीच चीज कशी गायला हवी होती ते दाखवतो," असं म्हणून ते जे सुरू झाले ते वीस मिनिटं! बाईंनी सवयीने त्यांनाही गुण दिले. सूर, ताल, उच्चार, सगळे रकाने भरले. बेरीज केली तर गुरुजी तिसरे!

"मग बक्षीस दिलंत?" मी विचारलं.

"छे. पाच मिनिटांपेक्षा जास्त गायले म्हणून बाद केलं."

हे सांगताना जोगळेकर अजिबात हसले नाहीत. त्यांना हसू येतं की नाही, हे मला इतक्या वर्षांत नक्की कळलेलं नाही.

*

नियम तेरा : वय स्पर्धक सांगेल ते. ही माहिती कोणत्याही कारखान्याला कळवली जाणार नाही.

बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात पाटील नावाचे फोरमन होते. पन्नाशीवरच्या गटात नाव दिलेलं. निवेदिकेने पुकारलं, "यानंतर श्री. पाटील, वय वर्षे त्रेपन्न!" पाटील उठेनात. तिसऱ्या रांगेत खाली वाकून चप्पल शोधत बसले. जोगळेकर जवळ गेले, तर पाटील कुजबुजले, "पहिल्या रांगेत आमचे मॅनेजर बसलेत. शाळेत मास्तरांनी वय चार वर्षं कमी लावलंय. आज त्रेपन्नचा म्हणून गायलो, तर उद्या रिटायरमेंट चार वर्षं अलीकडे येईल!"

जोगळेकर जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले ते तेव्हा. माईकवर जाऊन म्हणाले, "वय लिहिण्यात मंडळाची चूक झाली आहे." पाटील एकोणपन्नासचे झाले आणि खुल्या गटात गायले. नंतर हा नियम आला.

पुढच्या वर्षी पन्नाशीवरच्या गटात पहिला फॉर्म आला तो त्या मॅनेजरसाहेबांचा. कारखान्यात ते सत्तेचाळिशीचे होते!

*

नियम पंधरा : गाणे मराठीच असावे. शंका असल्यास आधी म्हणून दाखवावे.

कॉलनीतल्या सरोजम्मा पक्क्या कन्नड घरातल्या. गळा गोड. त्या जोगळेकरांकडे आल्या आणि म्हणाल्या, "मला मराठी येत नाही. आमच्या अज्जीचं एक कन्नड भजन म्हणू का? स्वल्प ॲडजस्ट माडी, जरा सांभाळून घ्या." जोगळेकर म्हणाले, नाही, नियम आहे. बिचाऱ्या हिरमुसून निघाल्या आणि जाता जाता फाटकाशी तेच भजन गुणगुणल्या. जोगळेकर अनवाणी मागे धावले. तो चक्क मराठी अभंग होता!

"हे मराठी?" सरोजम्मा घाबरल्याच. "आमच्या अज्जीला मराठीचं अक्षर येत नव्हतं हो!"

त्यांना दुसरं बक्षीस मिळालं. घरी ही बातमी कशी सांगावी, याचा मात्र त्यांना बरेच दिवस प्रश्न पडला होता.

*

रविवारी मीटिंग भरली. जोगळेकर, काकू आणि मी. तुळसक्कांना बोलावलं होतं. फाइल वाचून मला एक कळलं होतं. जोगळेकर माणसासाठी नियम बदलतात, पण त्यांना कारण द्यावं लागतं. माझ्याकडे कारण नव्हतं.

"तुम्ही 'नाही' लिहायला हवं होतं, अक्का," काकू हळूच म्हणाल्या.

"कसं लिहू? नारळाची चटणी करून खाल्ली. खण शिवून अंगावर घातलाय. हा बघा, हाच!"

जोगळेकरांनी पेन खाली ठेवलं. "नारळ गाणं संपल्यावर देतात का?"

"संपू देतात कुठं, अण्णा? दोन कडवी झाली की पानं मांडतात. मग यजमानीण येते आणि माझ्या ओटीत नारळ घालते. म्हणजे आता पुरे. ओटी भरली की गाणाऱ्या बाईनं गप्प व्हायचं, आमच्यात पद्धत आहे."

जोगळेकरांनी फॉर्म ओढून पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "म्हणजे नारळ गाण्याबद्दल नाही. थांबण्याबद्दल आहे."

"सरी! बरोबर बोललात," तुळसक्का म्हणाल्या.

"थांबण्याचा मोबदला घेऊ नये, असा आपला नियम नाही. वसुधाबाई, फॉर्म घ्या."

मी इतक्या जोरात शिक्का मारला की काकूंचा चहा सांडला!

*

स्पर्धेच्या दिवशी सकाळीच दोनदा लाईट गेली आणि सगळं उशिरा चाललं. तुळसक्कांचा नंबर आला तेव्हा एक वाजून गेला होता. मागच्या अंगणात मसालेभात तयार होता आणि त्याचा वास थेट हॉलमध्ये. लोक घड्याळं बघत होते, पोरं दारात जमली होती. म्हटलं, झालं, इथेही लग्नच!

तुळसक्का पेटी नाही, तबला नाही, नुसत्या मांडी घालून बसल्या. त्यांच्या आजीचं हळदीचं गाणं होतं, नऊ कडव्यांचं. पहिली दोन कडवी मांडवाची आणि आलेल्या पाहुण्यांची. आवाज थोडा खरखरीत, पण सूर पक्का. दुसरं कडवं झालं आणि त्या थांबल्या.

विसरल्या, मला वाटलं. मी खालून खुणा करू लागले.

"विसरले नाही, पोरी," त्या माईकमध्ये म्हणाल्या. "इथनं पुढं कधी कुणी म्हणू दिलं नाही. म्हणून जरा भ्या वाटतंय."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. त्यांनी तिसरं कडवं सुरू केलं. तिथून गाण्यात नवरी स्वतः बोलायला लागते. माहेरच्या विहिरीशी बोलते, धाकट्या भावाशी बोलते. पाचव्या कडव्यात ती बापाला विचारते, मला देताना मला विचारलंत का? आणि तिथेच घंटा वाजली.

तुळसक्का थांबल्या. सवयच होती त्यांना. मग त्यांनी जोगळेकरांकडे पाहिलं.

"अण्णा, तुमच्या कागदावरनं माझं नाव काढा. गाणं काढू नका."

जोगळेकरांनी स्टॉपवॉच पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वसुधाबाई, यांचं नाव काढा." मी त्यांच्या नावावर रेघ मारली. जोगळेकरांनी घंटा मांडीवर घेतली, तिच्यावर हात ठेवला आणि स्टेजकडे तोंड करून बसले.

तुळसक्का पुढची चारही कडवी गायल्या. डोळे मिटून, सावकाश. नऊ कडवी झाली तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि भरलेल्या हॉलकडे पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत नीट पाहिलं.

"अय्यो," त्या म्हणाल्या, "अजून कुणीच जेवायला उठलं नाही?"