आईची सवत

आईच्या वर्षश्राद्धाला मी तिचाच तांब्या घेतला होता. त्याच्या काठावर तिचं माहेरचं नाव कोरलेलं आहे, कुसुम. लग्नात ते बदलून सुमती झालं.

"सापत्न मातेचं नाव?" गुरुजींनी तर्पणासाठी विचारलं.

"कुणी नाही."

"आहे की! कुसुम," चुलतभाऊ अण्णा कुलवृत्तांत उघडून म्हणाला. "काकांची पहिली बायको. निपुत्रिक वारली."

"अण्णा, ती आईच रे! तीनदा कळवलं मी छापणाऱ्यांना."

"पुरावा?"

मी तांब्या पुढे केला. त्यानं नाव वाचलं.

"बघ, तिचं भांडंसुद्धा आहे घरात!"

छापील चुकीपुढे मुलाची साक्षही हलकी पडते. मी ओंजळीत पाणी घेतलं. आईला जाऊन वर्षच झालं. पुस्तकात मात्र ती माझ्या जन्माआधीच एकदा वारली आहे, निपुत्रिक.