जिन्यातली चौकशी

"तिनंच काहीतरी सांगितलं असणार. दुसरं कोण आहे या बिल्डिंगमध्ये एवढं तोंडाळ?"

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला तेव्हा मी बाहेरच्या खोलीत पोह्यांची बशी हातात धरून बसले होते. काकू म्हणजे माझ्या मैत्रिणीची आई. ते पहिल्या मजल्यावर राहायचे, आम्ही दुसऱ्यावर. आणि 'ती' म्हणजे आमच्या समोरच्या दारातल्या मावशी, ज्यांना खरोखरच सगळ्यांचं सगळं माहीत असायचं. मैत्रिणीचं ठरत आलेलं लग्न त्या आठवड्यात फिसकटलं होतं. मुलाकडच्यांनी पत्रिका जुळत नाही असा निरोप पाठवला होता. पण पत्रिका त्यांनी आधीच दाखवून घेतली होती, त्यामुळे काकू खरं कारण शोधत होत्या. ते कारण बाहेर बसून पोहे खात होतं.

मैत्रीण मराठी शाळेतली, मी कॉन्व्हेंटमधली. ती मला हाकही "ए कॉन्व्हेंट" अशीच मारायची. शाळेत इंग्रजी आणि घरी मराठी, अशा ये-जा करण्यात माझं बरंचसं बोलणं मधेच कुठेतरी राहून जायचं. तिचं मात्र काहीच राहायचं नाही. कॉलेज रोडवर कुणाच्या पाणीपुरीत पुदिना जास्त आणि चिंच कमी, कुठल्या रसवंतीत आलं मागितल्याशिवाय मिळत नाही, सगळ्यांवर तिचं मत तयार असायचं. मेन रोडला ब्लाउजपीस घ्यायला गेलो की ती साडी आणि कापड दोन्ही उचलून सरळ दुकानाबाहेर उन्हात जायची. "ट्यूबलाइटखाली सगळे रंग खोटं बोलतात," असं म्हणायची. दुकानदार "अहो ताई, अहो ताई" करत मागे धावायचा आणि मी शरमेनं दुसऱ्याच दुकानाकडे बघत उभी राहायचे.

उन्हाळ्यात बुधवारी आम्ही गोदाकाठच्या बाजारात जायचो. तिथे पेठकडची एक बाई पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसायची. मैत्रीण एक करवंद माझ्यासमोर धरायची. "बोल, कोंबडा की कोंबडी?" आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. मी उत्तर द्यायला इतका वेळ लावायचे की ती ते खाऊन टाकायची.

"कसं आहे?" ती विचारायची.

"बरं आहे," मी म्हणायचे.

"हिचं 'बरं आहे' म्हणजे दुसऱ्यांचं 'वा वा वा'," ती त्या बाईला समजावून सांगायची. माझी भाषा येणारं जगात एकच माणूस होतं.

आम्ही कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा, तुळशीचं लग्न झाल्यावर तिच्यासाठी स्थळं यायला लागली. तिसरं स्थळ चांदवडचं. मुलगा सातपूरला एका कारखान्यात नोकरीला. बघण्याचा कार्यक्रम झाला, दोघं गॅलरीत दहा मिनिटं बोलले. दुसऱ्या दिवशी ती मला सोमेश्वरला घेऊन गेली. पाण्याजवळच्या खडकावर बसलो आणि ती बराच वेळ काही बोललीच नाही. असं आधी कधी झालं नव्हतं.

"आवडला गं," शेवटी म्हणाली. "फार आवडला. पण कुणाला बोलू नकोस हं. आईलासुद्धा नाही. आधी त्यांचं उत्तर येऊ दे."

मी मान हलवली. कुणी इतकं मोठं काही माझ्याकडे ठेवायला दिलं नव्हतं.

चार दिवसांनी मी लायब्ररीची पुस्तकं घेऊन जिना उतरत होते. जांभळ्या साडीतल्या एक बाई धापा टाकत वर येत होत्या. मला बघून थांबल्या. चांदवडच्या मुलाची आत्या असल्याचं त्यांनीच सांगितलं.

"पहिल्या मजल्यावरची मुलगी तुझ्या ओळखीची आहे का गं बाळ?"

"हो."

"स्वभावाला कशी आहे?"

"बरी आहे."

"बरी म्हणजे?" त्या हसल्या. मी हातातली पुस्तकं सावरली. मग त्या एक पायरी वर आल्या आणि आवाज बारीक करून म्हणाल्या, "आपलं सहज विचारते. तिच्या मनात दुसरं कुणी वगैरे नाही ना? तुम्ही मुली मुली बोलत असाल."

मला सोमेश्वर आठवलं. तिच्या मनात काय आहे ते मला माहीत होतं आणि तेच नेमकं सांगायचं नव्हतं. शिवाय कुणाच्या पाठीमागे त्याच्याबद्दल बोलणं असभ्य असतं, हे सिस्टर्सनी आमच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं.

"ते तुम्ही तिलाच विचारा," मी म्हणाले.

"बरं," त्या म्हणाल्या. वर यायला निघालेल्या त्या, तिथूनच वळल्या आणि माझ्यापुढे जिना उतरून गेल्या.

तो सगळा दिवस मला स्वतःचा अभिमान वाटत होता. मैत्रिणीचं गुपित मी सांभाळलं होतं.

नकार आल्यावर माझी आई जेवताना सहज म्हणाली, "अगं, चौकशीत कुणी नुसतं 'बरी आहे' म्हटलं तरी लोक मागे फिरतात. तिथे 'लाखात एक आहे' असंच म्हणायचं असतं." माझा घास हातातच राहिला. चौकशीला आलेल्या माणसाला खरंखोटं नको असतं, भरभरून बोलणारं कुणीतरी हवं असतं, हे आमच्या बिल्डिंगमधल्या पोराटोरांनाही ठाऊक असावं. मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि मी तर 'बरी आहे' याच्याही पुढे गेले होते.

काकूंनी मावशींशी बोलणं टाकलं. एरवी दोघी मिळून गच्चीवर कुरडया घालायच्या. त्या उन्हाळ्यात काकूंनी सोमवारी घातल्या, मावशींनी एकटीनं गुरुवारी. मावशींनी मला दारात थांबवून विचारलं, "तू जातेस ना खाली? माझं काय चुकलं गं?"

"माहीत नाही, मावशी," मी म्हणाले.

मैत्रिणीनंही एकदा विचारलं. आम्ही मेन रोडला गेलो होतो. तिनं दुकानदारानं पुढे टाकलं ते कापड तिथेच, ट्यूबलाइटखाली, न बघता बांधून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "काय कमी होतं गं माझ्यात? खरं सांग."

"काहीच नाही," मी म्हणाले. माझ्या दृष्टीनं ते फार मोठं वाक्य होतं. पण त्या दिवशी तिला माझी भाषा कळली नाही. तिनं नुसतं हं केलं आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

पुढच्या वर्षी तिचं लग्न सटाण्याला झालं. कांद्याचा व्यापार, मोठं कुटुंब. नवरा चांगला होता, सासूही. वाईट कुणीच नव्हतं. पहिल्या दिवाळीनंतर तिचं पत्र आलं. 'घरात सगळे अहिराणी बोलतात. मला निम्मं कळत नाही, मग मी गप्प बसते. तुझ्यासारखी झालेय.' ते पत्र मी आईला दाखवलं नाही. उत्तर चार वेळा लिहिलं. चारही वेळा जिन्यातल्या त्या भेटीपर्यंत आले आणि कागद फाडला. पाचव्या वेळी नाशिकची हवा आणि नवीन उड्डाणपुलाबद्दल लिहून पाठवून दिलं.

त्यानंतर दोन वर्षांनी ती बाळंतपणाला आली. मी रोज संध्याकाळी खाली जायचे. ती दिवाणावर सुजलेले पाय लांब करून बसायची. आता मत द्यायची पाळी माझ्यावर यायची. रंग कुठला घेऊ, नाव काय ठेवू, असं काही विचारून ती माझ्याकडे बघत बसायची आणि माझं उत्तर येण्याआधीच "तू म्हणशील ते" म्हणायची. तिच्या तोंडून ते ऐकणं मला सहन व्हायचं नाही.

त्याच महिन्यात मावशी मुलाकडे पुण्याला कायमच्या निघाल्या. खाली टेम्पो भरून उभा होता. सगळ्या घरी निरोप घेऊन त्या पहिल्या मजल्यावर आल्या. जाळीचं दार बंदच होतं. त्या बाहेरूनच म्हणाल्या, "निघते हं. पोरीला जपा. काही चुकलं असेल तर पोटात घाला."

काकू माझ्या शेजारीच बसून भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मावशी क्षणभर थांबल्या. मग कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागल्या.

"आई, जाऊ दे ना आता," मैत्रीण म्हणाली.

"काय जाऊ दे? कशी होतीस तू आणि कशी झालीस. तिच्यामुळे."

मैत्रिणीनं ते खोडून काढलं नाही. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कळलं की तीही हेच मानत होती.

मी उठले. जाळीचं दार उघडलं. चौकटीत उभी राहिले आणि खाली मावशींनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले,

"काकू, मावशी कुणाला काही बोलल्या नव्हत्या. चौकशीला आलेल्या त्या बाईंना मी भेटले होते."