दोन बोटं सरकलेली टिकली

टिकली दोन बोटं उजवीकडे पडली होती. कपाळ सोडून, केसांच्याही बाहेर, नुसत्या पिवळ्या रंगावर. मी टेस्टचा कागद उजेडात धरला आणि म्हटलं, चित्र काढणाऱ्या पोरीनं फिल्म चुकवली.

सांगलीत माझं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान आहे. तीस वर्षं तासगावच्या व्यापाऱ्यांचे बेदाण्याचे बॉक्स छापतोय. जाळीच्या चौकटीतून रबरी पट्टीनं शाई दाबायची, की खालच्या कागदावर चित्र उमटतं. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट, आणि ती चित्रकारानं दिलेल्या पारदर्शक फिल्मवरून बनते. सगळे रंग आपापल्या जागी पडले की आम्ही म्हणतो, रजिस्टर जुळलं. माझं रजिस्टर केसभरही हलत नाही, याचा मला भारी माज होता.

रोहिणी चित्रकार, मूळची तासगावची. बाजारातल्या साध्या वस्तू भडक रंगात मोठ्या करून मांडायच्या, त्याला पॉप आर्ट म्हणतात, हे तिनंच मला सांगितलं. तिनं बेदाण्याच्या बॉक्सवरची बाई घेतली होती. नऊवारी, हातात द्राक्षाचा घड. मी जन्मभर छापली तीच. पाच रंग, चाळीस प्रती. लिमिटेड एडिशन म्हणजे चाळीस म्हणजे चाळीसच. प्रत्येकीखाली ती पेन्सिलनं नंबर घालून सही करणार. मग चौकटी धुऊन टाकायच्या, एक्केचाळिसावी निघायला नको. पहिल्या नंबरची प्रत साताऱ्याच्या एका रिटायर्ड सुभेदारांनी आधीच सांगून ठेवली होती. असे प्रिंट्स गोळा करायचा त्यांना नाद. रविवारी प्रदर्शन होतं, रोहिणीचं पहिलंच.

शेवटची चौकट फक्त टिकलीची. रोहिणीला फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला नाही.

माझी थोरली बहीण, अक्का, दुकानात ओले कागद वाळत घालते. मेव्हणे गेल्यापासून माझ्याकडेच असते. टेस्टचा कागद हातात घेऊन ती बराच वेळ उभी राहिली.

"असंच ऱ्हाऊ दे की रं."

"वाकडं छापलं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. तुला काय कळतंय छपाईतलं? टाक तो रद्दीत."

अक्का कागद घेऊन आत गेली. मी कागदाची जागा सरकवली आणि चाळीसही टिकल्या कपाळाच्या बरोबर मधोमध पाडल्या. चौकटी धुतल्या. काम इतकं देखणं झालं होतं की मीच दोनदा बघितलं.

शुक्रवारी रोहिणी आली. सोबत सुभेदार. तिनं वरचा कागद उचलला, मग खालचा, मग त्याच्या खालचा.

"काका, टिकली कुणी हलवली?"

"मीच. फिल्ममध्ये चुकली होती तुमच्या. सरळ करून दिली." मी हसतच सांगितलं.

तिनं कागद खाली ठेवला. सुभेदार म्हणाले, "आवं, चुकली न्हवती ती. बॉक्सवरची बाई कायम सवाष्ण. पन शेडवर बेदाना भरत्यात त्या बायका बघा की. कितीजनींचं कपाळ मोकळं हाय. ह्या पोरीची आईबी त्यातलीच. म्हनून टिकली भाईर काढली व्हती. हिनं फोनवर धाडलेल्या फोटोत मला दिसलं. तुमच्या तर हातात व्हतं."

"पुन्हा छापू. फिल्म आहे ना," मी म्हटलं.

"परवा प्रदर्शन आहे, काका. शाई वाळायलाच दोन दिवस लागतील. आणि चाळीस सांगितल्यात मी लोकांना. ह्या असताना आणखी चाळीस कशा काढू?"

मग तिनं त्या फाडायला घेतल्या. एकेक करून. कागद जाड होता, वेळ लागला. मी थांबवू शकलो नाही. कुठल्या तोंडानं थांबवणार?

अक्का उठून मागच्या खोलीत गेली. येताना तिच्या हातात तो टेस्टचा कागद होता. रद्दीत टाकलाच नव्हता तिनं. लुगड्यांच्या घडीत ठेवला होता.

सुभेदारांनी तो दोन्ही हातांत धरला. "अक्का, हा मला द्या. लय जपून ठेवतो."

"न्हाई. माजा हाय त्यो."

रोहिणीनं पेन्सिल काढली. खाली सही केली आणि जिथं नंबर घालतात तिथं अक्काचं नाव लिहिलं.

प्रदर्शनात त्या रविवारी एक भिंत रिकामी राहिली. रोहिणी पुढची कामं कोल्हापूरला करून घेते. मी तिला दोष देत नाही. आता मात्र कुणाचंही वाकडं सरळ करायच्या आधी मी विचारतो. फोन दहादा लावावा लागला तरी लावतो.

तो कागद अक्काच्या खोलीत आहे. तो बघायचं मी टाळतो. मेव्हणे गेले त्या दिवशी बायकांनी अक्काला अंगणात बसवून कपाळ पुसलं, तेव्हा मी दारातच उभा होतो. तिला काय हवंय, हे तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.