नसलेली सोळा पानं

मी तेव्हा मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये होते. दिवसभर तपासण्या आणि रीडिंग्ज... जे मोजता येत नाही ते मी मानत नव्हते, आजही फारसं मानत नाही. तरी हे लिहितेय, कारण यात माझ्या सासूबाई आहेत.

साल २००२. सासूबाई गुडघ्यांच्या उपचारासाठी गावाहून आमच्याकडे रत्नागिरीला आल्या होत्या. सगळं आयुष्य भातशेतीत गेलेलं, शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत. मी त्या दिवसांत माझ्या लाडक्या लेखकाची एक मालिका वाचत होते – समुद्राखालचं शहर आणि तिथल्या गुन्ह्यांचा छडा लावणारी कोतवालीण. शंभर-सव्वाशे पानांच्या छोट्या कादंबऱ्या. एका रविवारी जेवणं झाल्यावर त्यांना सहज मोठ्याने वाचून दाखवायला लागले. थोड्या वेळाने थांबले, तर म्हणाल्या, "थांबलीस कशाला गो? वाच फुडं."

मग दर रविवारी तेच. कोतवालीण चुकली की त्या तिच्यावर करवादायच्या. आणि पहिल्या तिन्ही भागांतला चोर त्यांनी माझ्याआधी ओळखला!

चौथा भाग वाचनालयातून आणला. शहराची घंटा चोरीला जाते. चोर सापडणार, आणि पान चौसष्टनंतर एकदम एक्याऐंशी... बांधणीतच सोळा पानं राहिली होती.

"आई, पुढची पानंच नाहीत."

त्या डोळे मिटून बसल्या होत्या. "नसूदेत. मी सांगते, तू लिवून घे."

तासभर त्या न अडखळता सांगत राहिल्या. आपल्या मुक्या मुलीला आवाज मिळावा म्हणून घंटा चोरणारा पहारेकरी... आणि त्याला बेड्या घालण्याआधी कोतवालीण स्वतःच्या हाताने जेवू घालते. मी सगळं वहीत उतरवलं.

महिन्याभराने धाकट्या दिरांनी मुंबईहून नवी प्रत पाठवली. ती सोळा पानं मी वही शेजारी ठेवून वाचली. पहारेकरी तोच, मुलगी तीच, कारणही तेच. फक्त जेवणाचा प्रसंग नव्हता. खरं सांगते, मला हायसं वाटलं – म्हणजे हा एका हुशार बाईचा अंदाजच होता.

तरी प्रकाशकांच्या पत्त्यावर लेखकांना सगळी हकीकत कळवली. त्यांचं उत्तर आलं – जेवणाचा प्रसंग तुम्हाला कुणी सांगितला? तो माझ्या पहिल्या खर्ड्यात होता. मी तो काढून टाकला, आणि तो खर्डा माझ्याशिवाय कुणी वाचलेला नाही.

मी पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. "आई, तुम्हाला कसं कळलं हे?"

"मला आयकू येत व्हता. कोनतरी बाई वाचत व्हती. तुझ्यासारखीच, जरा हळू." मग म्हणाल्या, "त्यांना लिव, काढायला नको व्हता. उपाशी मानसाला बेड्या घालतात काय?"

मी तसंच्या तसं कळवलं. दोन वर्षांनी नवी आवृत्ती निघाली आणि त्यात तो प्रसंग होता. मी सासूबाईंचं बोट धरून त्या ओळींवर ठेवलं. त्या बराच वेळ पानावरून हात फिरवत राहिल्या.

सासूबाई आता नाहीत. ती वाचणारी बाई कोण, याचं उत्तर माझ्या कुठल्याच तपासणीत सापडलेलं नाही. पण आमच्या घरातल्या, अक्षर न ओळखणाऱ्या बाईने एवढ्या मोठ्या लेखकाचं पुस्तक दुरुस्त केलं, हे मात्र मी भेटेल त्याला सांगते.