सांगवी रोडची पाणीवाली

नागम्माचा नवरा सांगवी रोड ठेसनावर पॉइंटमन, म्हणजे गाड्यांसाठी रूळ बदलणारा, होता. डब्याखाली सापडून तो गेला आणि प्रवाशांना पाणी पाजायची नोकरी नागम्माला मिळाली.

बहात्तरच्या दुष्काळात गावातले सगळे आड आटले. पाणी उरलं ते ठेसनाच्या विहिरीत, आणि ते इंजनासाठी राखीव. विहिरीवर लोखंडी जाळी, तिला कुलूप, चावी मास्तर साहेबरावांकडं.

एके दुपारी साठ-सत्तर बाया घागरी घेऊन रुळांवर बसल्या. लातूरची गाडी तासाभरात येणार होती.

"उठा! गाडीखाली मरता काय?" मास्तर ओरडले.

"तहानेनं मरूनच राहिलो की," केवळाबाई म्हणाली. तिच्या मांडीवरचं लेकरू आता रडतही नव्हतं.

नागम्मा मास्तरांच्या खोलीत गेली. "साहेब, चावी द्या."

"माझी नोकरी जाईल, नागम्मा."

ती हलली नाही. मास्तरांनी चावी टेबलावर ठेवली आणि पाठ फिरवली.

बाया रुळांवरून उठून विहिरीवर आल्या. "घरटी एक घागर," नागम्मानं कुलूप काढताना बजावलं आणि दोरानं पाणी शेंदायला लागली. गाडीची शिट्टी ऐकू आली तेव्हा वीसेक घागरी रिकाम्याच होत्या आणि विहिरीचा तळ दिसत होता.

ड्रायव्हर शिवमूर्ती खाली उतरला. "पाणी न्हाई मिळालं तर इंजनाची आग काढावी लागंल. गाडी हितंच पडंल."

"आता इंजनाला," नागम्मा म्हणाली. गलका उठला. कुणीतरी तिचा दंड धरून ओढलं, चोळीची बाही फाटली. तिनं दोर सोडला नाही. केवळाबाईनं आपली अर्धी घागर शेजारणीच्या घागरीत ओतली. काहींनी तसंच केलं. काही भरली घागर घेऊन झपाझपा घरी गेल्या. तळातलं पाणी बादल्यांनी इंजनात भरून गाडी दीड तास उशिरानं सुटली.

आठवड्यानं चौकशीला अधिकारी आले. "कुलूप कुणी उघडलं?"

मास्तर बोलणार, एवढ्यात नागम्मा म्हणाली, "मी. साहेब जेवायला गेलते."

तिची नोकरी गेली. मास्तरांना राहवलं नाही. "खोटं का बोललीस?"

"तुमच्या जागी दुसरा आला तर कुलूप उघडील का?"

पाऊस पडेपर्यंत, रातोरात झऱ्यानं साठलेल्या पाण्यातून, रोज दुपारी घरटी एक घागर मिळत राहिली. नागम्मा मात्र खडी फोडायला गेली.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. तिथल्या नव्या कचेरीत पाणी पाजायला बाई हवी होती; ती जागा नागम्माला मिळाली. तिथं तिनं म्हातारपणापर्यंत काम केलं. पुढं जुन्या अरुंद रुळांच्या जागी रुंद रुळांची मोठी लाईन आली ती गावापासून दोन कोसांवरून. सांगवी रोड बंद झालं त्या दिवशी नागम्मा बसनं आली, केवळाबाईच्या घरी जेवली आणि मुक्कामाला राहिली.