भूकंपाचा पाय

आमच्या घरात दादाच्या उजव्या पायाला सगळे 'भूकंपाचा पाय' म्हणायचे. लातूरच्या भूकंपाच्या पहाटे मला दारातून बाहेर ढकलताना दगडी भिंत त्याच्या पोटरीवर आली. हाड जुळलं, पण पाय पहिल्यासारखा काही झाला नाही. थंडीत ठणकायचा, जास्त उभं राहिलं की सुजायचा. पुढे दादानं नांदेडला मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. संध्याकाळी तो दुकान बंद करून आला की वहिनी कोमट तेल लावून तो पाय चेपायची. पाहुणे आले असले तरी त्यात खंड नसे. पाहुणेही आधी चौकशी करायचे ती पायाची, मग दादाची.

मी लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. इथं गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या आणि पाट्यांवर डॉक्टरकीला लागलेल्या पोरांचे फोटो. दादा फोनवर चिडवायचा, "मास्तर, दुसऱ्याची पोरं डागदर करून राहिलास, अन् तू खडूच खाय." मला राग यायचा, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दादाला ऑक्सिजन लावावा लागला. मी स्वतः त्याच दुखण्यानं लातुरात एका खोलीत बंद होतो. फोन कानाला लावून बसण्यापलीकडे माझ्या हातात काहीच नव्हतं. पण दादा सुधारला, घरी आला. आजार हत्तीच्या पावलांनी येतो नि मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात, आता मुंगीची पावलं सुरू झाली असं मी धरून चाललो होतो.

दादा घरी आल्यानंतर एका सकाळी मी वहिनीला फोन केला.

"ताप न्हाई भावजी, खोकला बी कमी हाय," ती खुशीत म्हणाली. "भूकंपाचा पाय तेवढा लई सुजलाय. पडून पडून झालं असंल. चेपून राहिले."

"पाय गरम लागतोय का?"

"हाव. लालसर बी दिसतोय."

रक्तवाहिनीच्या आत पेशींचा एक पातळ थर असतो, हे मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो. तो थर धड असतो तोवर रक्त सुरळीत वाहतं. कोरोना नुसता फुप्फुसात थांबत नाही, तो थरही बिघडवतो. मग रक्त आतल्या आत गोठतं. पोटरीत अशी गाठ झाली आणि ती सुटली, तर रक्ताबरोबर थेट फुप्फुसात जाऊन अडकते.

"वहिनी, हात काढा!" मी ओरडलो. "चेपू नका. दादाला लगेच दवाखान्यात न्या."

दादानं फोन घेतला. "घाबरट हायस. इतकी वर्षं ह्योच पाय दुखून राहिला, आज काय नवीन हाय?"

"दादा, हे भूकंपाचं दुखणं न्हाई. ऐक माझं."

"बरं बाबा, जातो. च्या तर घेऊ दे."

मी त्याच्यावर खूप चिडलो. तुझा चहा खड्ड्यात गेला, असंही म्हणालो. मग रुग्णवाहिकेसाठी फोन लावत बसलो, पण सगळीकडे लाईन बिझी. शेवटी दादाच्या दुकानाशेजारचा रिक्षावाला यायला तयार झाला. तो दारात पोहोचला तेव्हा दादा चपला घालायला उठला होता. दम लागला म्हणाला, उंबऱ्यावर बसला, आणि तिथंच गेला. मला पडत्या भिंतीखालून बाहेर ढकलणारा माणूस गेला, आणि मी लातुरात फोन धरून उभा होतो.

पुढे मला प्रवास करता आला तेव्हा नांदेडला गेलो. तेलाची वाटी अजून खाटेखालीच होती. वहिनीनं पाणी दिलं, समोर बसली.

"भावजी, तुम्ही हेच शिकवता," ती म्हणाली. "खरं सांगा. म्या चेपलं म्हणून गेले का?"

"न्हाई वहिनी," मी घाईनं म्हणालो. "गाठ आपोआपही सुटते. उठल्यानं, चालल्यानंसुद्धा सुटते. नेमकं कशानं झालं, हे कुणालाच सांगता येत न्हाई." यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

तिनं मान हलवली. पदरानं हात पुसले, कोरडेच होते तरी पुसले.

"मग त्या दिवशी हात काढा म्हणून का ओरडलात?"